एक बोट सैल

सातचा आकडा दिसला आणि तो खुर्चीतून अर्धा उठला, मग उठायचं काही कारण नाही हे कळून परत बसला. समोरच्या टेबलावरून आकडेबाईंनी चष्म्याच्या वरून बघितलं आणि काय झालं म्हणून विचारलं. पाठीत उसण भरली, असं त्याने ठोकून दिलं. चाळिशी उलटलेल्या माणसाला ही थाप केव्हाही मारता येते, कुणी खोलात जात नाही. पडद्यावर एका वहीच्या पानाचा फोटो होता. रेघांची साधी वही, कोपरा दुमडलेला, पेन्सिलीने लिहिलेली पोरांची नावं, नावापुढे महिन्यांत वय आणि त्यापुढे दंडाचं माप. जिथे जिथे सात होता तिथे त्याची शेपूट आत वळवून तिला बारीकशी गाठ मारलेली होती, शिवण संपली की दोऱ्याला मारतात तशी. असा सात या जगात एकच बाई काढते. त्यापायी तिने शाळेत छड्या खाल्ल्या होत्या आणि तरी बदलला नव्हता. दीड वर्षात तिचा आवाज नाही, चिठ्ठी नाही, कुणाकरवी निरोप नाही. आणि आज सकाळी सव्वानऊला, चहा अजून गरम असताना, चौथ्या मजल्यावर तिचा सात. आहे, तो मनात म्हणाला. ताई आहे. त्याला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली, कारण पान भुकेल्या पोरांचं होतं.

ऑफिसात त्याला नकाशेबुवा म्हणत, आणि मापांचा हिशोब करणाऱ्या बाईंना आकडेबाई. पुष्कळ देशांनी मिळून चालवलेल्या या कचेरीतून दर दोन महिन्यांनी उपासमारीचा नकाशा निघायचा, आणि तो रंगवायचं काम त्याचं. पोटाला पुरेसं असलेल्या जिल्ह्याला फिका पिवळा, मग नारिंगी, मग लाल, आणि सगळ्यांत शेवटी जो रंग होता त्याला कुणी नाव घेऊन बोलत नसे, नुसतं गडद म्हणत. गडद लागला की देशांना गप्प बसायची सोय राहत नाही. महिन्याभरात धान्याचा ताफा काढायचा, वाटेतल्या बंदूकवाल्यांशी बोलणी करायची, वेळ पडली तर ताफ्याबरोबर आपली माणसं धाडायची, असं सगळ्यांनी एकदा सह्या ठोकून लिहून दिलेलं होतं. म्हणून लालपर्यंत कुणी फारसं भांडत नसे. गडदची वेळ आली की मात्र बैठकीच्या दुसऱ्या रांगेत, जिथे देशांचे प्रतिनिधी नुसते ऐकायला म्हणून बसतात, तिथे खुर्च्या करकरायला लागायच्या. आणि एक नियम होता, तो नव्या माणसांना त्यानेच शिकवलेला: मोजल्याशिवाय रंग नाही. मोजणारा जिथे पोचला नाही तो जिल्हा पांढरा ठेवायचा. ताईचा जिल्हा पांढरा होता. अकरा महिने तो पांढरा ठेवणारा हात याचाच.

तसं बघितलं तर तो देश याचाच होता, बावीस वर्षांपूर्वी सोडलेला. ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, पण जिल्हा कुठला याबाबत त्याने कधी ताकास तूर लागू दिली नव्हती. पांढऱ्या जिल्ह्याबद्दल सांगायचं तरी काय? तिकडे तीन वर्षं दोन फौजा एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या, आणि लोकांनी त्यांना आपली नावं पाडली होती, दिवसाचे आणि संध्याकाळचे. दिवसाचे यायचे ते सरकारच्या नावाने, आणि घरातलं धान्य उपसून न्यायचे. संध्याकाळचे यायचे ते दिवसाच्यांना धान्य का दिलंत हे विचारायला. मधल्या वेळात शेत करायचं म्हणजे कुणी करायचं? ही नावं ताईनेच शेवटच्या फोनवर सांगितली होती आणि हसली होती, कारण ती कशालाही हसायची. मग फोनचा मनोरा पडला. तेव्हापासून तो नकाशावर तिच्या जिल्ह्याची सीमा आखताना नदीचं वळण जरा जास्तच सावकाश काढायचा. आकडेबाई एकदा म्हणाल्यासुद्धा, एवढ्या पांढऱ्या तुकड्यावर किती जीव लावाल.

ताई म्हणजे त्याला आईच्या जागी, असं लोक म्हणत, पण ते तितकंसं खरं नव्हतं. आईच्या जागी ती कधी बसलीच नाही. ती आईच्या शिवणाच्या मशीनवर बसली. आई गेली तेव्हा ती एकोणीसची, हा नऊचा, आणि तेराव्या दिवशी तिने मशीनला तेल घातलं. घराची पुढची खोली हेच दुकान. शाळेतून आला की हा कापलेल्या तुकड्यांच्या ढिगावर पडायचा. तो ढीग रोज वेगळ्या रंगाचा, रोज वेगळ्या कापडाच्या वासाचा, आणि त्यात झोप जशी लागायची तशी नंतर कुठल्या गादीवर लागली नाही. ताई तोंडात टाचण्या धरून बोलायची. मोठा झाल्यावर त्याला कळलं की सगळ्या बायका ओठ मिटून बोलत नाहीत. पाढे तिने त्याला टाचण्यांआडून शिकवले, आणि गिऱ्हाइकांच्या चहाड्याही. अमकीचा खांदा उतरता आहे, तमक्याची मान आखूड, नवरदेवाचं पोट कमरेच्या दोन बोटं पुढे. हे सगळं ती वहीत नावापुढे लिहून ठेवायची, आणि गिऱ्हाइकाने चुकून वही उघडली की दुकानात महाभारत व्हायचं. इथे, या शहरात, बावीस वर्षं तो तयार कपडे घालत होता. ते त्याला नीट बसायचे. पण आरशासमोर बटणं लावताना रोज, न चुकता, पाठीवरून खांद्यापासून खांद्यापर्यंत सरकत जाणारं एक बोट त्याला हवं असायचं, आणि ते नसायचं. जाऊ जाऊ म्हणता म्हणता शिक्षण संपलं, नोकरी लागली, ती पक्की झाली, तिकडे पहिली गोळी सुटली. दरवर्षी पुढच्या वर्षी. ताई म्हणायची, घाई नको रे, मी कुठे पळून चाललेय. तिने तसं म्हणावं आणि याने ते खरं मानावं, एवढा काही तो भोळा नव्हता. पण मानलं होतं.

वही आली कशी, ते सोबतच्या पत्रात होतं. मदतसंस्थेच्या एका लॉरीला अकरा महिन्यांनी त्या गावापर्यंत सोडलं होतं. लॉरीत औषधं होती आणि दंड मोजायच्या पट्ट्यांची पेटीही होती, पण पेटी नाक्यावर दिवसाच्यांनी ठेवून घेतली, कशाला ते देव जाणे. मग लॉरीवाल्याने गावात विचारलं, मापं घेता येतात असं कुणी आहे का. लोकांनी शिवणकामवालीचं घर दाखवलं. तिने दोन दिवसांत दोनशे बारा पोरांचे दंड आपल्या टेपने मोजले, इंचांत. पत्राच्या शेवटी लॉरीवाल्याने आपल्या फोनचा नंबर दिला होता, उपग्रहावरून चालणारा, आणि संध्याकाळच्यांनी रस्ता धरल्यामुळे आपण गावातच अडकलोय असंही लिहिलं होतं.

आकडेबाईंचं काम म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि त्या परीक्षेत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. अकरा वाजायच्या आत त्यांनी दोनशे बारा मापं यंत्रात घातली आणि खुर्चीत मागे रेलल्या. दंड साडेचार इंचांवर किंवा त्याखाली आलेलं पोर म्हणजे जिवावरचं. अशी पोरं शंभरातली तीस निघाली तर गडद. इथे बहुतेक पोरं सव्वापाचच्या आगेमागे होती. नारिंगी, आकडेबाई म्हणाल्या, जेमतेम नारिंगी, चला, देव पावला. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. बातमी लगेच जिन्यावरून खाली गेली आणि जेवणाआधीच दुसऱ्या रांगेतला एक प्रतिनिधी, उंच, नेहमी आपलं पेन शोधत असलेला माणूस, नकाशेबुवांच्या टेबलापाशी येऊन त्यांच्या पाठीवर थाप मारून गेला. सुंठीवाचून खोकला गेला होता. तीन वाजता बैठक, साडेचारला नकाशा बाहेर. त्याने नारिंगी रंगाची चौकट उघडून ठेवली आणि पांढऱ्या तुकड्यावर नेऊन थांबवली. ताईच्या गावची पोरं ठीक आहेत, त्याने स्वतःला सांगून बघितलं. म्हणजे ताईही ठीक असेल. त्याला ते इतकं हवंहवंसं वाटलं की तो चहा आणायला उठलाच होता.

पण जाता जाता त्याने पान मोठं करून पुन्हा वाचलं, आकड्यांसाठी नाही, नुसतं तिचं अक्षर बघायला. मापांच्या पुढे, जुन्या सवयीने, तिने शेरे लिहिले होते. उभा राहत नाही. डोळे उघडत नाही. आईने हात वर धरून ठेवला. रडतो पण आवाज येत नाही. हिचं नाव हिच्या भावाला विचारून लिहिलं. आणि या सगळ्यांपुढे सव्वापाच, सव्वापाच, पाच, सव्वापाच. डोळे न उघडणाऱ्या पोराचा दंड सव्वापाच इंच असत नाही, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. मग चूक कुठे? ताईचं माप चुकेल हे त्याच्या डोक्यात शिरेना; सूर्य चुकेल एक वेळ. त्याने समोरच्या कागदाची एक पट्टी फाडली आणि विचार करत करत आपल्याच मनगटाभोवती गुंडाळली, आणि बघतो तर पट्टीच्या आत त्याच्या दुसऱ्या हाताचं बोट होतं. त्याने ते मुद्दाम घातलं नव्हतं. ते आपसूक गेलं होतं, कारण त्यांच्या घरात टेप असाच धरायचा असतो. आईने ताईला शिकवलं, ताईने याला: अंगाला चिकटून माप घेऊ नये, एक बोट आत ठेवावं, माणूस श्वास घेतो, पोर वाढतं. त्यांच्या घरचा ठोकताळाच होता, एक बोट म्हणजे पाऊण इंच. त्याने सव्वापाचातून पाऊण वजा केलं. साडेचार. दुसऱ्या ओळीतून केलं. साडेचार. तिसऱ्या ओळीत सव्वाचार. तो तसाच टेबलाशी उभा राहिला आणि एकेक पोराच्या दंडातून ताईचं बोट काढत खालपर्यंत गेला, आणि पानाच्या तळाशी पोचेपर्यंत जिल्हा गडद झाला होता.

फोन लावायला त्याला जिन्याच्या वरच्या गच्चीवर जावं लागलं. सहाव्यांदा लागला. लॉरीवाल्याने हो हो, आहेत इथेच, म्हणून कुणाला तरी हाक मारली, मग बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.

"कोण?"

"मी बोलतोय, ताई."

ती म्हणाली, "बारक्या, जेवलास का?"

बावीस वर्षांत प्रत्येक फोनवर तिने आधी हेच विचारलं होतं आणि त्याने हो म्हटलं होतं. तिच्या आवाजाला मधेच वारा लागत होता, पण टाचण्या नव्हत्या. तिचा आवाज इतका मोकळा त्याने कधी ऐकला नव्हता, आणि तो त्याला परका वाटला. त्याला तिला विचारायचं होतं की तू काय खातेस, रात्री दार कसं लावतेस, मशीन आहे का, माझी आठवण काढतेस का. लॉरीवाला मागून बॅटरी, बॅटरी म्हणत होता. त्याने विचारलं, माप घेताना बोट ठेवलं होतंस का.

"मग? ठेवणार नाही? पोरं आहेत. वाढायची आहेत."

त्याने तिला सांगितलं की जवळ असेल ते एक पोर घे, बोट ठेवून मोज आणि न ठेवता मोज, आणि फरक सांग. का, म्हणून तिने विचारलं नाही. कामाचं बोलणं असलं की ती कधीच विचारायची नाही. कुणाला तरी जवळ बोलावल्याचं, ये बाळा म्हटल्याचं, टेप सरकवल्याचं त्याला ऐकू आलं किंवा आल्यासारखं वाटलं. मग ती म्हणाली, अर्धा इंच. तो म्हणाला, नीट बघ, पाऊण असेल. तिने पुन्हा घेतलं. अर्धाच, ती म्हणाली, आणि हसली, माझ्या बोटाला तरी आता काय राहिलंय रे. मग त्याने विचारलं की सगळ्यांची परत घेता येतील का, आज, बोट न ठेवता. सगळी कुठून आणू, ती म्हणाली, त्यातली काही आईबापांबरोबर डोंगराकडे चालत गेली, आणि काही… तिथे फोन बंद पडला. तो गच्चीवर उभा राहून अर्धा आणि पाऊण, पाऊण आणि अर्धा करत राहिला. अर्धा वजा केला तर पोरं पावणेपाचवर थांबत होती. पावणेपाच म्हणजे लाल. लालला ताफा निघत नाही. लालला चिंता व्यक्त करतात. वहीतले हेच आकडे ताईच्या पूर्वीच्या, भरल्या बोटाने आले असते तर गावाला धान्य गेलं असतं. ती वाळली होती म्हणून पोरांच्या दंडातून अर्धाच इंच वजा होत होता. असला हिशोब त्याने आयुष्यात केला नव्हता. पाऊण म्हटलं तर कोण बघायला येणार आहे? बोट त्याच्या घरचं होतं.

बैठकीच्या अध्यक्षबाई मूळच्या डॉक्टर, पांढऱ्या केसांच्या, बोलायला हळू. त्यांनी त्या जिल्ह्याचं नाव पुकारलं तेव्हा आकडेबाईंनी नारिंगी सुचवला आणि मान खाली घालून पुढचा कागद काढला. तो उभा राहिला. मापं एक बोट सैल आहेत, तो म्हणाला, आणि शिवणकामात माप कसं घेतात ते त्याने हात करून दाखवलं. पहिल्या रांगेत दोघे जण हसले, वाईट हेतूने नव्हे. अध्यक्षबाईंनी विचारलं की हे तुम्हाला कसं माहीत. मोजणारी माझी सख्खी बहीण आहे, त्याने सांगितलं. मग तुमचं मत धरता येणार नाही, बाई म्हणाल्या, पण माहिती धरता येईल; बोटाचं किती कमी करायचं तेवढं सांगा.

"पाऊण इंच," तो म्हणाला.

आकडेबाईंची बोटं चालायला लागली. दुसऱ्या रांगेत खुर्च्या करकरल्या. अध्यक्षबाई मात्र त्याच्याकडेच बघत राहिल्या. त्यांनी भुकेली माणसं जवळून बघितली होती, पोरंही आणि पोरांना मोजणारीही.

"हे तुमच्या आठवणीतलं की आजचं?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. नंतर कितीतरी दिवस त्याला वाटत राहिलं की तेव्हा बोलायला हवं होतं, बावीस वर्षांत तिच्यासाठी तेवढं एकच काम करायचं होतं आणि तेही साधलं नाही. पण त्या बाईंनी ज्या आवाजात विचारलं त्यात दया होती, आणि दयेपुढे त्याचं नेहमीच पाणी व्हायचं. आठवणीतलं, तो म्हणाला. आजचं अर्धा इंच आहे, दुपारीच तिने मोजलं. आणि मग त्याचा आवाज त्याला न विचारता वर चढला.

"मधला पाव इंच तिच्या बोटातून गेलाय. ते कुठे लिहायचं?"

पेन शोधणाऱ्या प्रतिनिधीने शोधणं थांबवलं. तक्ता पाच वर्षांखालच्या पोरांचा होता. मोठ्या माणसांचा रकानाच त्यात नव्हता, आणि हे त्या खोलीत त्याच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. अध्यक्षबाईंनी सांगितलं की अर्धा इंच धरावा, लाल लावावा, आणि दोन महिन्यांनी पुन्हा बघावं. तोवर पट्ट्या पोचवायचा प्रयत्न करू. न पोचल्या तर बहिणीला टेप अंगालगत धरायला सांगा. मग त्या म्हणाल्या की वहीत मृत्यूंचा रकानाही ठेवायला सांगा, नुसत्या दंडांवर अडलं तर त्या रकान्यावरूनही गडद लावता येतो, मात्र तारखेशिवाय नोंद धरत नाहीत. त्यांनी हे त्याला मदत म्हणून सांगितलं होतं आणि ती मदतच होती. साडेचारला त्याने तो तुकडा लाल केला. सीमेपर्यंत नीट, नदीच्या वळणापाशी जरासुद्धा बाहेर न जाता.

ऑफिस सुटायच्या वेळी त्याने पुन्हा गच्चीवर जाऊन फोन लावला. या वेळी पहिल्या झटक्यात लागला आणि तीच बोलली. बहुतेक फोनजवळच बसून राहिली होती. तिने जेवलास का विचारलं नाही. धान्य घेऊन माणसं येतायत ना रे, म्हणाली, पोरांच्या आयांना मी सांगून ठेवलंय. समोर शहरात दिवे लागत होते, बस थांब्यावर माणसं पिशव्या घेऊन उभी होती, आणि त्याला त्या गच्चीवरून सरळ चालत जाऊन तिच्या पुढच्या खोलीत बसावंसं वाटलं, काही न सांगता. आत्ता नाही, ताई, तो म्हणाला. दोन महिन्यांनी परत मोजायचंय. टेप कातडीला लागून धरायचा, बोट ठेवायचं नाही.

"एवढं घट्ट?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. तिने वही उघडली असावी, कारण पानं उलटल्याचा आवाज आला. मग तिने कामाच्या आवाजात, गिऱ्हाइकाला बाहीची लांबी विचारावी तसं विचारलं, "आणि तोवर जी राहणार नाहीत, त्यांच्या नावापुढे काय लिहू?"

"तारीख लिही, ताई," तो म्हणाला.